मराठवाड्यातील गुन्हेपीडितांसाठी: मदत कोठे मिळते आणि ती कशी मागावी

गुन्हा घडल्यावर बहुतेक कुटुंबे एकाच दाराशी जाऊन थांबतात, आणि ते दार पोलीस ठाण्याचे असते. फिर्याद दिली, आरोपीला अटक झाली, आता पुढचे काय ते कोर्ट पाहील, अशी समजूत करून घेऊन माणसे घरी परततात. खटल्याचा निकाल लागायला वर्षे जातात. तोवर दवाखान्याचा खर्च उसनवारीवर चालतो, मुलांची शाळा सुटते आणि कोर्टाच्या तारखेला जाण्यासाठी रोज बुडवावा लागतो. निकालाआधी काहीच मिळत नाही असे गृहीत धरल्यामुळे हक्काची मदतही मागितली जात नाही. विधी सेवेच्या कामात लोकांचे अर्ज भरून देताना हेच मला सर्वाधिक वेळा दिसले आहे, म्हणून आरंभीच स्पष्टपणे सांगतो. आरोपीला शिक्षा होण्याची वाट वेगळी आहे आणि पीडिताला सावरण्यासाठी कायद्याने ठेवलेली वाट वेगळी आहे. या दोन्ही वाटा एकाच वेळी चालायच्या असतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये पीडितांच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे. त्यापूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३५७-अ मध्ये होती. आरोपी सापडला नाही किंवा त्याची ओळखच पटली नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, थेट अर्ज करता येतो, असे हे कलम सांगते. अर्जावरील चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असेही त्यात लिहिलेले आहे. ही मदत म्हणजे कोणाची कृपा नव्हे. ती मागण्यासाठी हातात योग्य कागद मात्र असावे लागतात, आणि ते कागद पहिल्याच दिवसापासून तयार होत असतात.

आधी दवाखाना

जखम झाली असेल तर आधी उपचार घ्यावेत. ११२ हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण राज्यात चालतो आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. दवाखान्यात गेल्यावर केस पेपर काढतानाच मारहाण, भाजणे, विष पाजणे किंवा जे काही घडले असेल ते स्पष्ट सांगावे आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे जखम गुन्ह्यातून झाल्याची दवाखान्यातील) नोंद करून घ्यावी. अनेकदा घरातलेच कोणी तरी भीतीपोटी “पडल्याने लागले” असे सांगून मोकळे होते. पुढे दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी बचाव पक्षाचा वकील हाच केस पेपर पुढे करतो, तेव्हा खरे बोलणाऱ्या माणसावरही खोटेपणाचा शिक्का बसतो. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयातही एमएलसी नोंद होते. मोठ्या दुखापतीत तेथून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा लातूर, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठवले जाते. अशा वेळी पहिल्या रुग्णालयाची संदर्भचिठ्ठी आणि एमएलसी क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला या गुन्ह्यांत शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत, अशी सक्ती संहितेच्या कलम ३९७ ने केली आहे. उपचार नाकारणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. “आधी पोलिसांची चिठ्ठी आणा” असे कोणी म्हणाले तर हे कलम शांतपणे सांगावे, कारण पोलिसांना कळवण्याची जबाबदारी याच कलमाने रुग्णालयावर टाकली आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीने शक्य असल्यास तपासणीपूर्वी अंघोळ करू नये आणि कपडे धुऊ नयेत. अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता सुकवून कागदात गुंडाळावेत, कारण ओल धरली की नमुने खराब होतात. हे सारे आधीच होऊन गेले असले तरी तक्रार निरर्थक ठरत नाही. तपासणी तरीही करून घ्यावी. तपासणीला संमती देणे वा न देणे हा तिचा अधिकार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवलेली ‘टू फिंगर’ चाचणी (दोन बोटांनी केली जाणारी योनीची तपासणी) तिच्यावर कोणीही करू शकत नाही.

फिर्याद अशी लिहावी

फिर्याद तोंडी सांगितली तरी ती लिहून घेणे, वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे हे ठाणे अंमलदाराचे काम आहे. तरीही शक्य असेल तर घरूनच एक कागद लिहून न्यावा. “शेजाऱ्यांनी आम्हाला मारहाण केली व शिवीगाळ केली, तरी कारवाई व्हावी,” एवढेच लिहिलेल्या अर्जातून तपास उभा राहत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी व माझा भाऊ शेतातून परत येत असताना, मारुतीच्या देवळासमोरील हातपंपाजवळ अमुक याने माझ्या भावाच्या डाव्या हातावर कुऱ्हाडीच्या दांड्याने दोन वेळा मारले, अमुक याने त्याला धरून ठेवले होते, आणि ‘पुन्हा बांधावर आलास तर जिवंत ठेवणार नाही’ असे तो म्हणाला. हे अमुक व अमुक यांनी पाहिले.” वेळ, जागा, हत्यार, कोणी काय केले, तोंडचे शब्द आणि पाहणाऱ्यांची नावे या गोष्टींवरच पुढे कलमे ठरतात. शिवीगाळ जातिवाचक असेल तर संकोच न करता उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. “जातिवाचक शिवीगाळ केली” एवढ्यावर भागत नाही. सही करण्यापूर्वी लिहिलेला मजकूर पूर्ण वाचून घ्यावा आणि वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यावा. फिर्याद देणारी स्त्री असेल आणि गुन्हा लैंगिक स्वरूपाचा असेल तर महिला अधिकाऱ्यानेच ती नोंदवावी, असा नियम आहे. तपासासाठी स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष आणि अपंग व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते.

हातात आलेल्या कागदावर काय आहे ते तेथेच पाहावे. वर ‘प्रथम खबर’ असे शब्द, गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष, आणि कलमे असतील तर एफआयआर झाला आहे. ‘अदखलपात्र’ किंवा एनसी असे असेल तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करणार नाहीत. हाड मोडलेले असतानाही अनेक ठिकाणी सुरुवातीला एनसीवर भागवले जाते. एक्स-रेचा अहवाल आणि दुखापतीचे प्रमाणपत्र जोडून ठाण्यात पुन्हा लेखी अर्ज दिला की बऱ्याचदा कलम बदलते. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नव्या कायद्याने उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. मात्र ती चौकशी चौदा दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे “अर्ज चौकशीवर आहे” हे उत्तर महिनोन्‌महिने ऐकून घेण्याचे कारण नाही.

फिर्याद घेतलीच नाही, तर तीच फिर्याद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. छत्रपती संभाजीनगर शहरात ही तक्रार पोलीस आयुक्तांकडे करायची असते. तेथेही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) नुसार दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला पोस्टाची ती पावतीच आधार देते. अर्ज समक्ष दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवण्यास नकार देणारा लोकसेवक भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार स्वतः गुन्हेगार ठरतो.

हद्दीचा प्रश्न मराठवाड्याइतका क्वचितच कुठे येत असेल. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाने उचलीच्या पैशांसाठी डांबून ठेवणे, फडात किंवा कोपीवर बाईवर हात टाकणे, मारहाण असे प्रकार तेथे घडतात आणि परक्या मुलखात, परक्या भाषेत फिर्याद देण्याचे धाडस होत नाही. अशा कुटुंबांनी झिरो एफआयआरचा हक्क लक्षात ठेवावा. गुन्हा कोठेही घडलेला असो, अगदी दुसऱ्या राज्यात घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर आपल्या गावच्या ठाण्याने नोंदवून घेतलीच पाहिजे. त्यानंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग करणे हे पोलिसांचे काम आहे. फिर्याद घेऊन कारखान्याच्या गावी परत जाण्याची गरज नाही. देगलूर, उदगीर, उमरगा या सीमेवरच्या तालुक्यांतील लोकांनाही हाच नियम उपयोगी पडतो.

गुन्हा नोंदल्यानंतर नव्वद दिवसांच्या आत तपास कोठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर लेखी विचारावे. तोंडी विचारल्याचा पुरावा राहत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

हे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. किनवट किंवा कळमनुरीच्या माणसाने केवळ अर्ज देण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे कारण नाही. तो तालुका समितीमार्फत पाठवता येतो. १५१०० या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. आरोपीविरुद्धचा खटला सरकारी वकील चालवतो हे खरे, पण पीडिताला स्वतःचा वकील नेमून त्याला साहाय्य करता येते, आणि हा वकीलही विधी सेवेतून मागता येतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची प्रत वकील असलेल्या पीडिताला मिळते. म्हणून वकील आधीच असणे फायद्याचे ठरते.

नुकसानभरपाईचा अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत एफआयआरची प्रत, दुखापतीचे प्रमाणपत्र किंवा शवविच्छेदन अहवाल, दवाखान्याची बिले, ओळखपत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि वारसांचा अर्ज असेल तर नात्याचा पुरावा जोडावा. बिले नसली तरी अर्ज थांबवू नये. ठाणे प्रमुखाच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर तातडीचे प्रथमोपचार, वैद्यकीय मदत किंवा योग्य तो अंतरिम दिलासा देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, म्हणून अर्जात “अंतरिम मदत मिळावी” ही ओळ स्वतंत्रपणे लिहावी. ही ओळ नसल्यामुळे गरजेच्या पहिल्या महिन्यांत हाती काहीच न पडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून राज्यात सुरू आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी ती आहे आणि तिचे अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणच निकाली काढते. प्रकरणाच्या गांभीर्यानुसार एक लाखापासून दहा लाख रुपयांपर्यंत मदत मंजूर होते. रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवला जातो आणि उरलेला खर्चासाठी हाती मिळतो. याखेरीज समुपदेशन आणि वैद्यकीय उपचार हा योजनेचा भाग आहे, आणि तोही मागावा.

पैसे मंजूर होऊनही न पोहोचण्याचे एक क्षुल्लक वाटणारे कारण वारंवार भेटते. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे आडनाव, आणि जनधन खाते व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेले. अर्ज देण्याच्या आठवड्यातच बँकेत जाऊन खाते चालू आणि नाव एक करून घ्यावे.

अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांत

मराठवाड्यात जातीय अत्याचारांचा इतिहास जुना आणि वेदनादायक आहे. कायद्याने या पीडितांना दिलेले हक्क सर्वांत तपशीलवार आहेत, तरी ते सर्वांत कमी मागितले जातात. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. २०१८ मध्ये घातलेल्या कलम १८-अ ने ते स्पष्ट केले आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि तो साठ दिवसांत पूर्ण व्हावा, असे अपेक्षित आहे. जामिनाच्या अर्जासह प्रत्येक टप्प्यावर पीडिताला कळवले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हा हक्क कलम १५-अ मध्ये आहे. त्यामुळे जामिनाच्या सुनावणीची नोटीस आली की ती घरात ठेवून न देता वकील घेऊन हजर राहावे.

आर्थिक साहाय्य गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजार रुपयांपासून सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत आहे. ते टप्प्याटप्प्याने मिळते. बऱ्याच गुन्ह्यांत एफआयआर झाल्यावर चौथा हिस्सा, दोषारोपपत्रानंतर निम्मे आणि दोषसिद्धीनंतर उरलेला चौथा हिस्सा अशी विभागणी असते. खुनाच्या प्रकरणात शवविच्छेदनानंतर निम्मी आणि दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर उरलेली निम्मी रक्कम देय होते, म्हणजे निकालाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा पाच हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता यांची तरतूद नियमांत आहे. तातडीचे साहाय्य सात दिवसांत द्यावे असे नियम सांगतो. हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात चालते आणि सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयातून होते. पीडिताचे जातप्रमाणपत्र तेथे लागतेच, आणि पुष्कळ प्रकरणे त्याच एका कागदापाशी अडतात. प्रमाणपत्र नसेल तर गुन्हा नोंदल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यासाठी अर्ज करावा. साहाय्य थकले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे लेखी तक्रार द्यावी. या समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६ आहे. साक्षीसाठी जाण्यायेण्याचा खर्च आणि दैनिक भत्ता या कायद्याखालील पीडितांना व साक्षीदारांना नियमानेच मिळतो.

गावात बैठक बसवून “मिटवून घ्या, एकाच शिवारात राहायचे आहे” असा आग्रह धरला जातो. बांधाच्या किरकोळ भांडणात मध्यस्थी होणे समजू शकते. पण अत्याचाराचा किंवा बलात्काराचा गुन्हा गावकऱ्यांच्या बैठकीत मिटवता येत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्या समझोत्याने तो संपत नाही, आणि अशा कागदावर सही केल्याने पीडिताचे साहाय्य मात्र अडचणीत येते. अशी सही कोणाच्याही दबावाने करू नये.

स्त्रिया आणि बालके

१८१ हा महिला मदत क्रमांक आहे आणि १०९८ बालकांसाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलिसांशी संपर्क, वकील आणि पाच दिवसांपर्यंत निवारा हे सारे एकाच छताखाली मिळते. तेथे जाण्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. घरातून रात्री बाहेर काढलेल्या बाईला मुलांसह तेथे जाता येते.

नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळात फौजदारी गुन्हाच दाखल करावा असे नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यात मारहाणीपासून संरक्षण, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्चासाठी रक्कम आणि मुलांचा ताबा मागता येतो. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात कळते. नांदायचे आहे पण मार खायचा नाही, अशा स्त्रियांना हा मार्ग मला अधिक उपयोगी वाटतो.

मूल लैंगिक अत्याचाराचे पीडित असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सुरक्षित वाटेल अशा ठिकाणी, साध्या वेशातील अधिकाऱ्याने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती मुलाला खटला संपेपर्यंत सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती नेमून देते. ही नेमणूक आई-वडिलांनी आग्रहाने मागावी. न्यायालयात आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी न्यायालयाला घ्यावी लागते. विशेष न्यायालय एफआयआरनंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. पीडितेचे किंवा मुलाचे नाव, फोटो, गाव, शाळा व्हॉट्सॲपवर फिरवणे हा गुन्हा आहे, आणि सहानुभूतीने फिरवले तरी तो गुन्हाच राहतो.

मनावरचा आघात उशिरा बोलू लागतो. झोप न लागणे, दचकणे, मुलाने बोलणे सोडणे अशी लक्षणे दिसली तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागही खुला असतो.

घरातला कर्ता माणूस गेला असेल तर

खुनाच्या धक्क्यात असलेल्या कुटुंबाला महसूल आणि कृषी खात्याच्या योजना आठवत नाहीत, आणि त्यांची मुदत मात्र निघून जाते. मृत व्यक्ती खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील पात्र सदस्य असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळू शकतात. योजनेच्या यादीत खुनाचाही समावेश आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. म्हणून तेराव्याची वाट न पाहता कोणी तरी जबाबदार नातेवाइकाने सातबारा, एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल गोळा करायला लागावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती गेली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार रुपये तहसील कार्यालयातून मिळतात. विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना तेथेच आहे. वडील किंवा आई गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे करतात.

अनोळखी वाहनाने धडक देऊन पळ काढला असेल तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. दावा चौकशी अधिकारी म्हणून उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार अर्ज घेतात. गळीत हंगामात दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांवर आदळून होणाऱ्या अपघातांत वाहन सापडते, तेव्हा ही योजना नव्हे तर मोटार अपघात दावा प्राधिकरण हा मार्ग आहे. तेथे दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा.

पैशांची फसवणूक

ऑनलाइन फसवणुकीत तासांना महत्त्व आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी ते गोठवता येतात. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि संदेश पुसू नयेत.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्थांमध्ये ठेवी अडकलेल्यांची संख्या आपल्या भागात मोठी आहे, आणि त्यांतील कित्येक जण स्वतःला गुन्ह्याचे पीडित मानतच नाहीत. १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, संचालकांची मालमत्ता शासन जप्त करू शकते. विशेष न्यायालयाच्या आदेशाने ती विकून ठेवीदारांना वाटप होते. हे काम सक्षम प्राधिकाऱ्याकडे असते. ज्यांची नावे आर्थिक गुन्हे शाखेकडील यादीत नाहीत, ते वाटपातून वगळले जाण्याचा धोका आहे. म्हणून ठेव पावती, पासबुक आणि ओळखपत्राच्या प्रती देऊन आपला जबाब नोंदवून घ्यावा. मूळ पावती कोणालाही देऊ नये. “नवीन पावती करून देतो” म्हणणाऱ्या एजंटालाही देऊ नये. चोरीला गेलेले दागिने किंवा वाहन पोलिसांनी जप्त केले असेल तर खटला संपेपर्यंत ते ठाण्यात पडून राहण्याची गरज नाही. न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, ते परत मिळवता येते.

खटला सुरू झाल्यावर

समन्स आल्यावर गैरहजर राहू नये. साक्ष देऊन झाल्यावर भत्त्यासाठी न्यायालयाकडे विनंती करता येते. रोजंदारीवर जगणाऱ्याने ती संकोच न करता करावी. फिर्यादीची आणि जबाबाची प्रत साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांच्या कार्यालयात वाचायला मागावी. आठवत नसलेली गोष्ट “आठवत नाही” असे सांगितल्याने साक्ष पडत नाही. अंदाजाने सांगितल्याने मात्र पडते.

धमक्या येत असतील तर प्रत्येक धमकीची तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत, आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करावा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील सक्षम प्राधिकारी पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतो. त्यानंतर पोलीस पहारा, आरोपीशी समोरासमोर न येता साक्ष किंवा राहण्याची तात्पुरती बदली असे आदेश मिळू शकतात. ऊसतोडीवर असलेल्या साक्षीदारासाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची विनंतीही करता येते.

सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. आरोपी निर्दोष सुटला, कमी गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ नुसार पीडिताला स्वतः अपील करता येते. त्यासाठी सरकारच्या निर्णयावर अवलंबून राहावे लागत नाही. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जाते. वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्या माणसाने तेथील विधी सेवा उपसमितीकडे निकालाची प्रत आणि उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला घेऊन अर्ज केला, की अपील चालवण्यासाठी वकील नेमून दिला जातो.